दोन पाण्यांचं तोंड

घणसोलीला, सेक्टर सातमध्ये, औषधांच्या दुकानावर
सोळा वर्षं मी सोनोग्राफीचे रिपोर्ट टाइप करते.
डॉक्टर केणी आत अंधारात बोलतात,
मी बाहेर ट्यूबलाइटखाली उतरवून घेते:
यकृत, पित्ताशय, मग स्वादुपिंड.
त्याचं वाक्य एका बटणावर तयार असतं,
'आकार व पोत सामान्य.'
दुसऱ्या बटणावर, 'आतड्यातील वायूमुळे नीट दिसत नाही.'
दुसरं बटण जास्त झिजलंय.

नाव मात्र काय देखणं. स्वादु. पिंड.
चव कुणी घेतलेली नाही,
आणि पिंड म्हटलं की आमच्या घरात कावळ्याचीच वाट बघतात.

ते राहतं जठराच्या मागे, कण्याला टेकून,
टॉवरांच्या मागे आमचं गावठाण पडलंय तसं.
वीतभरही नाही. ऐंशी-नव्वद ग्रॅम.
डोकं आतड्याच्या वळणात, शेपूट प्लीहेपर्यंत.
दिवसभर रस गाळतं, भात-मासळी-तेल फोडायला,
आणि त्याच्या अंगात विखुरलेली बारीक बेटं
थेट रक्ताशी बोलतात, साखरेबद्दल.

सानपाड्याचे एक टेलर आले होते, सदाशिव काका.
डोळे पिवळे, गळ्यात काविळीची माळ, तिच्यावरून इंची टेप.
दुखत काहीच नव्हतं.
फक्त स्वतःची पँट चार वेळा आत घेतली म्हणाले.
त्या दिवशी दोन्ही बटणं निकामी.
डोक्याशी गाठ, तीन पूर्णांक दोन सेंटीमीटर,
मी एकेक अक्षर शोधून टाइप केलं.
काकांनी आकडा वाचला, म्हणाले, "म्हणजे सव्वा इंच,"
आणि सुट्टे पैसे मोजून दिले.

मग आमचे बाबा. पद्मन मढवी, मिठागरातले.
एका हळदीचं जेवून आले, पहाटे उशी पोटाशी धरून
पुढे वाकून बसलेले. पाठीतून कळ आरपार.
"दारू?" डॉक्टरांनी विचारलं. "नाय."
पित्ताचा एक खडा, तुरीच्या डाळीएवढा,
घरंगळत जाऊन अडकला होता दाराशी,
आणि मटण फोडायला निघालेला रस
मागे वळून त्यांनाच फोडत होता.

वाशीला चौतीस दिवस. तोंडाने पाणीसुद्धा नाही.
सलाइनच्या बाटल्या बघत ते एकदा म्हणाले,
"मिठाचाच पानी चढवतान ना? मंग जिभंवर कनभर दे की."
दिलं नाही मी.

वाचले. पित्ताशय नंतर काढलं.
पण अर्धंअधिक स्वादुपिंड सडून गेलं, बेटं बुडाली.
ज्या माणसाच्या पायांच्या भेगांत चाळीस वर्षं मीठ होतं
त्याला आता साखर.
जेवणाआधी सुई. जेवताना कॅप्सूल,
नाहीतर खाल्लेलं तेल तसंच तरंगत जातं.
पोटाची कातडी चिमटीत धरतात
आणि टोचताना माझ्याकडे बघत नाहीत.

परवा म्हणाले, "दाखव तरी, हाय कसा तो."
मी रिपोर्टच्या लिफाफ्यावर काढलं:
वरून पित्ताची नळी येते, आडवी ह्याची,
शेवटाला दोघी एकत्र, आणि आतड्यात उघडणारं एकच छिद्र.
त्यांनी चष्मा लावला. पेन घेतलं हातातून.
तोंडाशी एक उभी रेघ मारली, जाड, उघाडीची फळी असते तशी.
बराच वेळ बघत राहिले,
भरतीला बांध बघावा तसे.

"दोन पान्यांना येकच तोंड?
येक अरकला का दोनी तुंबनार.
कोनी बांधला ह्यो?
आमच्या मुकादमान उभा नसता केला."

आणि लिफाफा उलटा करून
सुईची वेळ लिहून ठेवली.